हज-उमराहच्या बॅगेतला प्लग: अडॅप्टर घेण्याआधी मशीनवरचं लेबल वाचा

हज किंवा उमराहला निघायची वेळ आली की घरात याद्या सुरू होतात. इहराम, चप्पल, औषधं, तस्बीह, सुका मेवा. यादीच्या अगदी शेवटी कुणीतरी म्हणतं, "अरे, तिकडचा प्लग वेगळा असतो, एक अडॅप्टर घेऊन ये." मग नाक्यावरच्या दुकानातून हाताला लागेल तो अडॅप्टर येतो आणि बॅगेत पडतो. अम्मींचं नेब्युलायझर, अब्बांचं झोपेतलं श्वासाचं मशीन, पाणी तापवायची किटली, सगळं त्या एकाच अडॅप्टरच्या भरवशावर निघतं.

आम्ही शिक्षक मंडळी दहावीला 'विद्युतधारेचे परिणाम' हा धडा शिकवतो. त्याच धड्यातलं थोडं ज्ञान इथे कामाला येतं. लक्षात ठेवायची मुख्य गोष्ट एकच: अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, वीज बदलत नाही. तुमचं मशीन तिकडच्या विजेवर चालेल की नाही, हे मशीनवरच्या लेबलवर लिहिलेलं असतं. म्हणून आधी लेबल, मग अडॅप्टर.

सौदीतली वीज आणि आपली वीज

आपल्या घरात २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची वीज येते. सौदी अरबमध्ये आज अधिकृत दाब २३० व्होल्टच आहे, पण वारंवारता ६० हर्ट्झ आहे. म्हणजे दाब सारखा, वारंवारता वेगळी. आणखी एक गोष्ट. सौदीत पूर्वी घरगुती वापराला १२७ व्होल्टही असायचे आणि अमेरिकी पद्धतीचे चपट्या पिनांचे सॉकेट बसवले जायचे. जुन्या इमारतीत असं सॉकेट दिसलं, तर काहीही लावण्याआधी तिथल्या माणसाला "हे किती व्होल्टचं?" एवढं जरूर विचारावं.

प्लगचा आकार मात्र पूर्ण वेगळा आहे. आपल्याकडे तीन गोल पिना असतात. छोटा प्लग ६ अँपिअरचा (जुने लोक त्याला ५ अँपिअरचा म्हणतात) आणि मोठा 'पॉवर प्लग' १६ अँपिअरचा. सौदीत आता तीन चौकोनी जाड पिनांचा ब्रिटिश प्लग चालतो. त्याला 'टाइप जी' म्हणतात. हा प्लग ब्रिटनमध्ये १९४७ साली ठरला आणि तिथून आखाती देशांतही पोहोचला. दुबई, कुवेत, कतार, बहरीन, ओमान, सगळीकडे हाच दिसतो. रत्नागिरी-रायगडकडच्या ज्या घरांतलं कुणी ना कुणी आखातात नोकरीला आहे, त्यांना तो नवा नाही. फरक इतकाच की त्या देशांत वीज आपल्यासारखी ५० हर्ट्झची आहे, सौदीत ६० ची.

लेबल कसं वाचायचं

चार्जर किंवा मशीन उलटं करा. बारीक अक्षरात 'इनपुट' लिहिलेलं असतं. त्यापुढचे आकडे वाचा. डोळ्यांना दिसत नसेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघा.

१) 'इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असं असेल तर काळजी नाही. हे उपकरण जगात जवळपास कुठेही चालतं, फक्त प्लगचा अडॅप्टर लागतो. मोबाइल, लॅपटॉप, कॅमेरा यांचे बहुतेक चार्जर असेच असतात.

२) '२२०-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असेल तर सौदीत आणि आखातात चालेल. अमेरिकेत १२० व्होल्ट आणि जपानमध्ये १०० व्होल्टची वीज असते, तिथे चालणार नाही.

३) '२३० व्होल्ट, ५० हर्ट्झ' एवढंच असेल तर थांबा आणि विचार करा. इस्त्री, किटली अशा नुसत्या तापणाऱ्या वस्तूंना वारंवारतेचा फरक पडत नाही. पण ज्यात मोटर किंवा कॉम्प्रेसर आहे, त्याला पडू शकतो. काही मोटरींचा वेग वारंवारतेवरच ठरतो. त्या ६० हर्ट्झवर सुमारे २० टक्के जास्त वेगाने फिरतात.

औषधोपचाराची मशीनं: इथे अंदाज नको

हजला जाणाऱ्यांत वयस्कर माणसं बरीच असतात. त्यांच्यासाठी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे.

झोपेत श्वास अडकणाऱ्यांसाठी जे सीपॅप मशीन असतं, त्याचा वीजपुरवठ्याचा ठोकळा बहुधा १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झचा असतो. तो सौदीत बिनधास्त चालतो. तरी लेबल स्वतः वाचून खात्री करा.

दम्यासाठीच्या नेब्युलायझरचं तसं नाही. आपल्याकडे मिळणाऱ्या कॉम्प्रेसरच्या नेब्युलायझरवर अनेकदा फक्त '२३० व्होल्ट, ५० हर्ट्झ' लिहिलेलं असतं. असं असेल तर कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून "६० हर्ट्झवर चालेल का?" हे स्पष्ट विचारा. उत्तर 'नाही' आलं किंवा गोलमोल आलं, तर डॉक्टरांशी बोलून बॅटरीवर किंवा यूएसबीवर चालणारं छोटं नेब्युलायझर, नाहीतर स्पेसरसह इनहेलर, असा पर्याय निघण्याआधीच ठरवा. मक्केत रात्री दोन वाजता दादीला दम लागलाय आणि मशीन नीट चालत नाही, ही वेळ कुणावर येऊ नये.

घरगुती ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरलाही हाच नियम आहे. ५० आणि ६० हर्ट्झसाठी त्याची वेगवेगळी मॉडेलं असतात. ज्यांना ऑक्सिजन लागतो, त्यांनी डॉक्टर आणि विमान कंपनी दोघांशी आधी बोलल्याशिवाय निघूच नये.

आणखी एक व्यवहारातली अडचण: मशीनला मोठा १६ अँपिअरचा प्लग असेल तर बाजारातल्या बऱ्याच 'युनिव्हर्सल' अडॅप्टरमध्ये तो शिरतच नाही. दुकानात जाताना मशीनची वायर सोबत न्या आणि लावून बघा.

अडॅप्टर घेताना काय बघायचं

मुंबईत लोहार चाळीत, नाहीतर आपल्या गावातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात, चांगल्या दर्जाचा अडॅप्टर मिळतो. चार गोष्टी तपासा.

पहिली, त्यावर किती अँपिअर लिहिलंय. काहीच लिहिलेलं नसेल तर घेऊ नका.

दुसरी, आपल्या प्लगची तिसरी जाड पिन, म्हणजे अर्थिंग, पलीकडच्या प्लगपर्यंत खरंच जोडलेली आहे का. काही स्वस्त अडॅप्टरमध्ये तिसरं भोक असतं, पण आत काहीच जोडलेलं नसतं. धातूची बॉडी असलेली वस्तू अशा अडॅप्टरवर लावली तर शॉक बसू शकतो. दुकानदाराला सांगा, तो मल्टिमीटर लावून दाखवेल.

तिसरी, फ्यूज. ब्रिटिश प्लगच्या आतच फ्यूज असतो. भार जास्त झाला की तो उडतो आणि वायर वाचते. फ्यूज असलेला अडॅप्टर चांगला.

चौथी, प्लग घट्ट बसतो का. प्लग हलला की ठिणगी पडते आणि ठिणगीने प्लास्टिक वितळतं.

आता आपल्या लोकांची एक सवय. ब्रिटिश सॉकेटच्या खालच्या दोन भोकांवर आतून झाकण असतं. वरची अर्थिंगची लांब पिन आत गेली की ते उघडतं. मुलांनी काही खुपसू नये म्हणून ही सोय आहे. आपण मात्र वरच्या भोकात पेन किंवा चावी घालून झाकण उघडतो आणि दोन पिनांचा चार्जर कोंबतो. चावी तर थेट धातूची. शिवाय कोंबलेला चार्जर सैल राहतो आणि तापतो. सोबत एक साधा अडॅप्टर असला की हे सगळं टळतं.

किती भार टाकायचा: साधं गणित

दहावीचं सूत्र आठवा: वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. अडॅप्टर ६ अँपिअरचा असेल तर ६ × २३० = १३८० वॅट, ही त्याची कमाल हद्द. २० वॅटचे पाच मोबाइल चार्जर लावले तर होतात १०० वॅट. काहीच हरकत नाही. पण १५०० वॅटची किटली लावली तर हद्द ओलांडली. पाणी तापवायचा रॉडही साधारण याच ताकदीचा असतो. तो तर घरीच ठेवा. परक्या खोलीत, प्लास्टिकच्या बादलीत रॉड लावणं म्हणजे जिवाशी खेळ.

खोलीत चार-पाच जण असतील तर प्रत्येकाने वेगळा अडॅप्टर आणण्यापेक्षा एक चांगला एक्स्टेन्शन बोर्ड आणि त्याच्या टोकाला एक चांगला अडॅप्टर, ही सोय उत्तम. पण त्यावर फक्त मोबाइलचे चार्जर लावा. एका एक्स्टेन्शनला दुसरं एक्स्टेन्शन जोडू नका. बोर्ड गादीखाली किंवा चादरीखाली ठेवू नका. किटली-इस्त्रीची परवानगी आहे का, हे हॉटेलात आधी विचारा.

हे इतकं बजावून सांगायचं कारण आहे. १५ एप्रिल १९९७ रोजी मीनामध्ये तंबूंना आग लागली होती. ३०० हून अधिक हाजी त्यात अल्लाहला प्यारे झाले आणि हजारावर जखमी झाले. त्यांत आपल्या उपखंडातले लोक बरेच होते. ती आग स्वयंपाकाच्या गॅसमुळे लागली होती, विजेमुळे नव्हे. त्यानंतर मीनात आग न पकडणारे तंबू उभारले गेले. पण एका तंबूतल्या एका माणसाची बेपर्वाई शेकडो घरांपर्यंत पोहोचते, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. आपल्यामुळे दुसऱ्याला इजा होऊ नये, याची खबरदारी घेणं हासुद्धा आपल्या दीनचाच भाग आहे.

मोबाइल बंद पडला तर?

आज हाजींचा मोबाइल फक्त बोलण्यासाठी नसतो. सौदी सरकारचं 'नुसुक' अॅप, भारत सरकारचं 'हज सुविधा' अॅप, गटाचा नंबर, राहण्याचा पत्ता, सगळं त्यातच. गर्दीत चुकलेल्या वयस्कर माणसाला शोधायचा तोच मोठा आधार.

आणि हजच्या दिवसांत हवं तेव्हा सॉकेट मिळत नाही. मीनाच्या तंबूत माणसं जास्त, सॉकेट कमी. ९ जिलहिज्जला अरफातचा दिवस, आणि त्यानंतरची रात्र मुजदलिफाला उघड्या आकाशाखाली. तिथे चार्जिंगची आशा ठेवू नये. म्हणून पॉवर बँक हवीच.

१०,००० एमएएचच्या पॉवर बँकेने ५,००० एमएएचचा मोबाइल दोनदा पूर्ण भरेल असं वाटतं, पण काही वीज वाटेत वाया जाते. प्रत्यक्षात सव्वा ते दीड वेळाच भरतो, असं धरून चाला. घेताना भारतीय मानक ब्युरोची खूण आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा.

विमानाचा नियम पक्का लक्षात ठेवा: पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, चेक-इनच्या बॅगेत अजिबात नाही. १०० वॉट-अवरपर्यंतची चालते. त्याहून मोठी, १६० पर्यंतची, विमान कंपनीच्या परवानगीने. हिशोब सोपा आहे: एमएएचला १००० ने भागा आणि ३.७ ने गुणा. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॉट-अवर, म्हणजे चालेल. आकडा पुसला गेला असेल तर विमानतळावर अडवू शकतात. काही विमान कंपन्या विमानात पॉवर बँक वापरूही देत नाहीत. मक्केच्या उन्हात ती खिडकीत किंवा बसच्या काचेजवळ ठेवू नका. जून २०२४ मध्ये तिथलं तापमान ५१ अंशांच्या वर गेलं होतं, आणि लिथियमच्या बॅटरीला उष्णता सोसत नाही.

हे सगळं करूनही एका कागदावर गटप्रमुखाचा नंबर, हॉटेलचं नाव आणि तंबूचा क्रमांक लिहून प्रत्येकाच्या गळ्यातल्या पाकिटात ठेवा. कागदाला चार्जिंग लागत नाही.

निघण्याआधी एक संध्याकाळ

निघण्याच्या पंधरा दिवस आधी, मगरिबनंतर, घरातल्या सगळ्यांनी मिळून बसा. नेणार असाल ती प्रत्येक विजेची वस्तू समोर ठेवा. मुलांना लेबल वाचायला सांगा. त्यांचा धडाही पक्का होईल. तीन ढीग करा: बिनधास्त चालणारी, विचारून न्यायची, घरीच ठेवायची. मधल्या ढिगासाठी दुसऱ्याच दिवशी फोन लावा. मग अडॅप्टर घ्या, वस्तू लावून तपासा आणि हातातल्या बॅगेत ठेवा. हजच्या तरबियत शिबिरात अरकान शिकवले जातात, त्यासोबत दहा मिनिटं या विषयालाही द्यावीत, अशी आमची आयोजकांना विनंती आहे.

अल्लाह आपल्या सगळ्या हाजींचा प्रवास आसान करो आणि हज कबूल करो. तिथे दुआला हात उठतील तेव्हा आम्हालाही आठवा.