रहस्यकथेतला नायक आणि विकली गेलेली बाई

भोसरीत आमचे एक लहानसे अभ्यासमंडळ आहे. रविवारी सकाळी आठ-दहा जण एका खोलीत जमतात. बहुतेक कंत्राटी कामगार, काही आयटीआयचे विद्यार्थी, दोन शिक्षिका. कोणी वाचलेले सांगतो, कोणी लिहिलेले वाचून दाखवतो. चार महिन्यांपूर्वी यातल्याच एका तरुणाने माझ्या हाती दोनशे पानांची वही ठेवली. तो एका प्रेस शॉपमध्ये दुसऱ्या पाळीला असतो. पाळी सुटल्यावर रात्री जागून त्याने कादंबरी लिहिली होती. "सर, प्रेमकथा आहे, पण रहस्यमय. मुली विकणाऱ्या टोळीवर आहे," तो म्हणाला.

कथानक थोडक्यात असे. नायिकेची धाकटी बहीण पावसाळी रात्री आळंदी रस्त्यावरून मोटारीत ओढून नेली जाते. एक देखणा पत्रकार तिचा शोध घेऊ लागतो. नायिका त्याच्याबरोबर वेषांतर करून हिंडते. एमआयडीसीतल्या एका बंद शेडपर्यंत दोघे पोहोचतात, त्या धावपळीत प्रेम जमते, नाशिक रस्त्यावर ट्रकचा पाठलाग होतो, चाकणपाशी गोळीबार. टोळीचा सूत्रधार एक प्रतिष्ठित उद्योगपती निघतो. मुली सुटतात आणि शेवटच्या पानावर लग्न लागते.

मी ती वही दोन रात्रींत संपवली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. बाबूराव अर्णाळकरांचा झुंजार आणि काळा पहाड भाड्याने आणून वाचतच मला वाचनाची गोडी लागली. तेव्हा रहस्यकथेला नाक मुरडणाऱ्या पंडितांपैकी मी नव्हे. कष्ट करून आलेल्या माणसाला पान उलटायला लावणे हे सोपे काम नाही. परंतु वाचून झाल्यावर मी अस्वस्थ झालो. ज्या मुलीला सोडविण्यासाठी ही सारी धावपळ चालली होती ती दोनशे पानांत तीनदाच बोलते आणि तिन्ही वेळा "वाचवा" एवढेच म्हणते.

त्या अस्वस्थतेतून हा लेख निघाला.

प्रथम धंद्याचे स्वरूप पाहू. मोटारीत ओढून नेणे हा प्रकार मुळीच घडत नाही असे नाही. परंतु या व्यापाराची नेहमीची वाट ती नव्हे. आपल्या संविधानाच्या २३व्या अनुच्छेदाने माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगार यांना एकाच वाक्यात मनाई केली आहे. माणसाचे शरीर आणि माणसाचे श्रम ही लुटीची दोन रूपे घटनेने शेजारी बसवली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १९५६ चा अनैतिक व्यापारविरोधी कायदा वेश्याव्यवसायापुरता आहे. अपव्यापाराची सविस्तर व्याख्या फौजदारी कायद्यात आली ती २०१३ मध्ये, भारतीय दंड संहितेच्या कलम ३७० मध्ये. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये आहे. या व्याख्येत पाच क्रिया आहेत : शोषणासाठी माणसाची भरती करणे, त्याला नेणे, ठेवून घेणे, दुसऱ्याच्या हवाली करणे आणि स्वीकारणे. या क्रिया धमकीने, बळाने, अपहरणाने, फसवणुकीने, अधिकाराच्या गैरवापराने किंवा आमिषाने झाल्या की गुन्हा पुरा होतो. बळी पडलेल्या व्यक्तीची संमती होती की नव्हती, हा मुद्दा कायदा गौण मानतो.

या पाच क्रिया वेगवेगळी माणसे करतात. गावातून मुलीला आणणारी तिची नात्यातली बाई असते. एस.टी.त शेजारी बसून येणारा कोणी ओळखीचा. चार दिवस खोली देणारा घरमालक भाड्यापलीकडे काही विचारीत नाही. पुढे पैसे मोजून घेणारी घरवाली, आणि मग गिऱ्हाईक. प्रत्येकाजवळ आपल्यापुरते स्पष्टीकरण तयार असते. कोणी म्हणतो मी कामाला लावले, कोणी म्हणतो मी नुसती सोबत केली. सूत्रधार शोधत बसलेल्या नायकाला यातले कोणीच खलनायक वाटणार नाही. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-ओडिशातून जिथे रोज माणसे कामाला उतरतात, जिथे खोलीला खोली लागलेली आणि शेजाऱ्याचे आडनाव ठाऊक नसते, त्या आपल्या पट्ट्यात अशा सोबतीकडे कोण संशयाने पाहणार? येथे तर सगळेच कोणाच्या तरी ओळखीने आलेले असतात. मीही तसाच आलो.

आता प्रेमाचे पाहू, कारण आमच्या तरुण लेखकाचा सारा भर त्यावर होता. त्याच्या कादंबरीत प्रेम शेवटी येते आणि सोडवते. प्रत्यक्ष व्यवहारात ते पुष्कळदा आरंभी येते आणि अडकवते. पोलिसांच्या कागदांत "लग्नाचे आमिष" हे शब्द पुन्हापुन्हा येतात, ते उगीच नव्हे. आळंदी येथून हाकेच्या अंतरावर. घरच्यांना न सांगता लग्न करू पाहणारी जोडपी तिथल्या कार्यालयांत दूरदूरहून येतात. बहुतेकांचे संसार नीट होतात, आणि जातीच्या भिंती ओलांडणाऱ्या कित्येकांना त्या गावाने आधार दिला, हेही म्हटले पाहिजे. परंतु "आपण आळंदीला जाऊन लग्न करू" हेच वाक्य दलालाच्या तोंडीही शोभून दिसते. तोही देखणा असतो, गोड बोलतो, मुलीच्या घरच्या छळावर संतापतो. म्हणजे कादंबरीतल्या नायकाचे सगळे गुण त्याच्या अंगी असतात. मुलगी आपल्या पायाने चालत जाते. आणि पुढे आपलेच लोक विचारतात, "स्वतःच्या पायाने गेली ना?" कायद्याने जो प्रश्न गौण ठरवला तोच आपण वस्तीत पहिला विचारतो.

तपासही कादंबरीसारखा नसतो. खबऱ्याकडून बातमी येते. खुणेच्या नोटा देऊन बनावट ग्राहक पाठवला जातो, इशारा मिळताच छापा पडतो, दोन पंचांसमक्ष पंचनामा होतो. अर्ध्या तासात हे आटोपते. त्यापुढचे मात्र वर्षानुवर्षे चालते. सुटका झालेल्या स्त्रीला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करतात. तिचे वय, तिची पूर्वपीठिका, आईबाप किंवा नवरा तिला सांभाळण्यास लायक आहेत की नाहीत याची चौकशी होते. १९५६ च्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे तिला एक ते तीन वर्षे संरक्षणगृहात ठेवता येते. म्हणजे विकणारा जामिनावर बाहेर आणि विकली गेलेली आत, असेही चित्र दिसू शकते. सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध असे डांबता येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाला सप्टेंबर २०२० मध्ये तीन स्त्रियांच्या प्रकरणात सांगावे लागले. पुढे खटला उभा राहतो तेव्हा ती दूर कुठेतरी नाव बदलून राहत असते. साक्षीला यायचे तर तेथे सगळे उघड होणार. ती आली नाही की आरोपी सुटतो.

या शोधनायकाचे सर्वांत प्रसिद्ध मराठी रूप विजय तेंडुलकरांच्या 'कमला' नाटकात आहे. त्यामागची घटना खरी. १९८१ मध्ये 'इंडियन एक्स्प्रेस'चे वार्ताहर अश्विनी सरीन यांनी मध्य भारतातल्या स्त्रियांच्या खरेदी-विक्रीचा पुरावा म्हणून २,३०० रुपयांना एक स्त्री विकत घेतली आणि ती बातमी छापली. देश हादरला. एका वार्ताहराने धोका पत्करून व्यवस्थेचे ढोंग उघडे पाडले, हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण त्या स्त्रीचे काय? तिला आश्रयगृहात ठेवले गेले आणि पुढे ती तेथून नाहीशी झाली. तेंडुलकरांनी नेमके हेच दुखणे पकडले. त्यांच्या नाटकातला जयसिंग जाधव २५० रुपयांना कमला विकत आणतो, मळक्या फाटक्या लुगड्यातच तिला पत्रकार परिषदेत उभी करतो, आणि काम झाल्यावर तिची रवानगी आश्रमात होते. ती आदिवासी बाई जयसिंगच्या पत्नीला सरळ विचारते की तुला त्याने केवढ्याला घेतले. त्या प्रश्नाने सरिताचे डोळे उघडतात. माझी तक्रार इतकीच की नाटक पुढे सरिताचे होते आणि कमला रंगमंचावरून जाते ती जातेच. मध्यमवर्गीय स्त्रीला जाग यावी म्हणून आदिवासी स्त्री आली आणि गेली. आपल्या साहित्याने आपला सवतासुभा का मांडला, याचे एक उत्तर येथे मिळते.

जयसिंगला नावे ठेवणे मला सोपे नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतली एक मुलगी दोन वर्षांनी परत आली. कोण घेऊन गेला, कुठे ठेवले, कोणकोण होते, असे सगळ्यांनी तिला विचारले. मीही वही-पेन घेऊन गेलो होतो. मला लेख लिहायचा होता. तिने माझे तीन-चार प्रश्न ऐकून घेतले आणि म्हणाली, "काका, हे छापून आल्यावर मला पॅकिंगच्या कामावर कोण ठेवील?" मी वही मिटली. तिला काम मिळवून देण्यासाठी मी काही केले का? नाही. ते आमच्या मंडळातल्या एका शिक्षिकेने केले, कोणाला न सांगता.

कोणाच्या मुली या बाजारात जातात हे वेगळे सांगायला नको, पण एक दुवा सांगितला पाहिजे. देवाच्या नावाने मुलगी सोडण्याच्या प्रथेत त्याच पाच क्रिया घडतात; फक्त त्यांना विधीचे रूप असते. खंडोबाची मुरळी, यल्लम्माची जोगतीण, आणि तेथून पुढे कामाठीपुरा. मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये देवदासी संरक्षणाचा कायदा झाला, महाराष्ट्राने २००५ मध्ये नवा केला. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी मुरळ्या, जोगतिणी, देवदासी, पोतराज यांच्या सभेत हे जिणे सोडण्याचे आवाहन केले. त्यातला सूर आज काहींना कठोर वाटेल. पण त्या स्त्रियांना सभेला बोलावून, समोर बसवून, माणूस म्हणून त्यांच्याशी वाद घालणारा दुसरा कोणता पुढारी त्या काळी होता?

त्याहीआधीची एक गोष्ट मी आमच्या तरुण लेखकाला सांगितली. तीत प्रेम म्हणा, विवाह म्हणा, आणि शोधही आहे. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये पुण्यात 'सोमवंशीय मित्र' हे मासिक सुरू केले आणि त्यातून मुरळी सोडण्याच्या चालीवर हल्ला चढवला. त्याला उत्तर म्हणून १९०९ मध्ये शिवूबाई लक्ष्मण जाधव या मुरळीचे पत्र मासिकात आले. मुरळीचे जिणे कसे असते ते तिने स्वतः मांडले. तिचा शोध घ्यायला कोणी वार्ताहर गेला नव्हता; साक्ष तिची, लेखणी तिची. पुढे कांबळ्यांच्या चळवळीतले कार्यकर्ते गणपतराव हणमंतराव गायकवाड यांनी तिच्याशी विवाह केला. या लग्नाला मी सुटका म्हणणार नाही. सुटका तिने पत्र लिहिले तेव्हाच झाली होती. लग्नाने सिद्ध झाले ते एवढेच की जिला सर्वांनी वापरले तिला बरोबरीने घरात घेणारा एक तरी माणूस आणि त्याला साथ देणारी एक तरी संघटना तेव्हाच्या पुण्यात होती.

आणि हे शंभर वर्षांपूर्वीच संपले असेही नाही. १९९६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या वेश्यावस्तीवर मोठे छापे पडले. चारशेहून अधिक मुली पोलिसांनी बाहेर काढल्या. त्यांत नेपाळी मुली पुष्कळ होत्या. त्या कित्येक महिने शासकीय गृहांत पडून राहिल्या, कारण त्यांचा देश त्यांना परत घ्यायला कुरकुरत होता. अखेर नेपाळमधील संस्थांनी शंभराहून अधिक जणींना परत नेले. त्यांच्यापैकी काहींनी त्याच वर्षी 'शक्ती समूह' ही स्वतःची संघटना उभारली. तस्करीतून सुटलेल्या स्त्रियांनीच चालवलेल्या या संघटनेला २०१३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या कथेचा छाप्याचा भाग मी दोन ओळींत सांगितला. खरे रहस्य, खरी उत्कंठा छाप्यानंतरच्या महिन्यांत आहे : घरचे दार उघडेल का, आई काय म्हणेल, कागद कोण देईल, पहिली बैठक कोणी बोलावली असेल.

हे सारे ऐकून तो तरुण थोडा रागावला. म्हणाला, "सर, मग पाठलाग काढून टाकू का? लोक वाचणार नाहीत." मी म्हणालो, काढू नकोस; पण तो पहिल्या प्रकरणात संपव. तो दोन रविवार आलाच नाही. तिसऱ्या रविवारी आला तो नवी वही घेऊन. आता कादंबरी मुलगी परत येते त्या सकाळपासून सुरू होते. ती नाशिक फाट्यावर बसमधून उतरते, हातात प्लास्टिकची पिशवी, आणि चाळीच्या तोंडाशी येऊन नळाच्या रांगेतल्या बायकांकडे पाहत उभी राहते. पत्रकार अजून आहे, पण तिसऱ्या प्रकरणात तो प्रश्न विचारायला येतो तेव्हा ती त्याला थांबायला सांगते. तिला आधी कामावर जायचे असते. त्यापुढे तो अडला आहे. प्रेम कोणाशी जमवावे ते त्याला कळत नाही. परवा त्याने मला विचारले की संरक्षणगृहातून बाहेर पडताना कोणत्या कागदावर सही घेतात, आणि गुरुवारी पाळी बदलून घेऊन तो ते विचारायला न्यायालयात जाऊन आला.