‘पॅलिओप्रोटेरोझोइक’ : अक्षरे, आघात आणि घटक

भूविज्ञानातील ‘पॅलिओप्रोटेरोझोइक’ ही संज्ञा देवनागरीत नऊ अक्षरांची दिसते. उच्चारात ती आठच अक्षरांची आहे. कारण अंत्य ‘क’मधील अकार मराठीत उच्चारला जात नाही व उरलेले व्यंजन ‘इ’शी जोडले जाते. इंग्रजीत मुख्य आघात सातव्या अक्षरावर, ‘झो’वर, पडतो. मूळ ग्रीक शब्दांचे स्वराघात निराळे : ‘प्रोतेरोस’चा आद्य, ‘झोए’चा अंत्य. इंग्रजीने त्यांची पर्वा केलेली नाही. ‘इक’ हा प्रत्यय बहुधा आघात आपल्या आधीच्या अक्षरावर ओढून घेतो. ‘व्होल्कॅनिक’मध्येही तेच घडते. मराठीत आघात अर्थभेदक नसल्याने आपल्या कानाला तो सहसा जाणवत नाही.

‘पॅलिओ’ म्हणजे प्राचीन, ‘प्रोटेरो’ म्हणजे आधीचे. ही द्विरुक्ती भासते, पण ती द्विरुक्ती नव्हे. येथे ‘पॅलिओ’ हे जीवनाचे विशेषण नसून ‘प्रोटेरोझोइक’ या सिद्ध नामाला लागलेले आहे. त्या कालाचा हा आद्य विभाग, २५० ते १६० कोटी वर्षांपूर्वीचा. ‘पॅलिओझोइक’मध्ये, म्हणजे आपल्या ‘पुराजीवा’त, तेच ‘पॅलिओ’ थेट ‘झोइक’ला लागते, आणि तो काल सुरू होतो सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी. विग्रह चुकला, तर चूक शंभर कोटी वर्षांची होते.