बहुसूत्री गुणसूत्रे, कीटकांतील

बहुसूत्री गुणसूत्रे, कीटकांतील : अनेक समांतर सूत्रांनी बनलेली व आडवे पट्टे असलेली प्रचंड गुणसूत्रे. ती मुख्यत्वे द्विपंखी गणातील कीटकांच्या डिंभांच्या (अळ्यांच्या) लाला ग्रंथींत आढळतात. या ग्रंथींच्या कोशिकांचे (पेशींचे) विभाजन न होता त्यांतील डीएनएचे पुनःपुन्हा द्विगुणन होते आणि नव्या प्रती एकमेकींना चिकटून राहतात. ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर या फळमाशीत सुमारे दहा द्विगुणनांनंतर या प्रती एक हजाराहून अधिक होतात.

ई. जी. बाल्बिआनी यांनी १८८१ मध्ये कायरोनोमस या कीटकात ही सूत्रे प्रथम पाहिली. तथापि ती गुणसूत्रेच आहेत, हे ई. हाइट्स व एच. बाउअर आणि टी. एस. पेंटर यांनी १९३३ मध्ये दाखविले. सी. बी. ब्रिजेस यांनी १९३५ मध्ये फळमाशीच्या गुणसूत्रांचे १०२ विभागांचे नकाशे प्रसिद्ध केले.

निरीक्षण : लाला ग्रंथी अम्लात स्थिर करून रंगवितात व काचपट्ट्यांमध्ये दाबून पसरवितात. प्रकाश सूक्ष्मदर्शकाची विभेदनक्षमता (जवळजवळचे दोन बिंदू वेगळे दाखविण्याची क्षमता) सुमारे ०·२ मायक्रोमीटर असल्याने अतिशय बारीक पट्टे त्यात एकमेकांत मिसळून दिसतात. संरचित प्रकाशयोजनेच्या सूक्ष्मदर्शकाने ही मर्यादा जवळजवळ निम्म्यावर येते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने अतिपातळ छेदांतील त्याहूनही सूक्ष्म पट्टे ओळखता येतात.

पट्टा व जीन : फळमाशीत सुमारे पाच हजार पट्टे मोजले गेल्याने एक पट्टा म्हणजे एक जीन, अशी कल्पना पुढे आली. २००० मध्ये या माशीचा डीएनए-अनुक्रम प्रसिद्ध झाला, तेव्हा जीनांची संख्या सुमारे १३,६०० असल्याचे आढळले व ही कल्पना मागे पडली. गुणसूत्रतंतूच्या घड्यांविषयी २०१५ मध्ये झालेल्या संशोधनावरून पट्टा म्हणजे तंतूचा दाट घडी पडलेला प्रदेश, तर दोन पट्ट्यांमधील भाग म्हणजे त्याचा विस्तारलेला अंश, असे दिसून आले. म्हणजे पट्ट्यांची गणना ही जीनांची गणना नसून तंतूच्या रचनेची नोंद होय.

उपयोग : पट्ट्यांचा क्रम उलटला असल्यास तो सहज ओळखू येतो. भारतातील ग्रामीण भागात हिवतापाचा प्रसार करणाऱ्या ॲनॉफिलीस क्यूलिसिफेसीज या डासाच्या बाह्यतः एकसारख्या दिसणाऱ्या जाती मादीच्या अंडकोशातील पोषक कोशिकांच्या अशाच गुणसूत्रांवरून वेगळ्या करता आल्या. त्यांपैकी ‘बी’ ही जाती हिवतापाच्या प्रसारात फारसा भाग घेत नाही. त्यामुळे एखाद्या गावात यांपैकी कोणती जाती आहे, हे कळणे हिवताप नियंत्रणाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते.