सशाचे पंचांग

पृथ्वीच्या उत्तर भागाला सूचिपर्णी अरण्यांचा एक विशाल पट्टा वेढून आहे. अलास्का, कॅनडा, स्कँडिनेव्हिया, सैबेरिया असा तो पसरला आहे. स्प्रूस, फर आणि पाइन हे तेथील मुख्य वृक्ष. त्या अरण्यातील एका लहानशा प्राण्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

कॅनडाच्या अरण्यात एक ससा राहतो. त्याची मागची पावले रुंद व केसाळ असतात, म्हणून भुसभुशीत बर्फातही तो रुतत नाही. उन्हाळ्यात त्याचा रंग तपकिरी असतो; हिवाळ्यात मात्र कानांची काळी टोके वगळता तो पांढराशुभ्र होतो. असा ससा बर्फावर स्वस्थ बसला, की शत्रूला तो समोर असूनही दिसत नाही.

शत्रू तरी किती! घुबडे, ससाणे आणि लिंक्स नावाचे मोठे रानमांजर. लिंक्स तर मुख्यतः या सशावरच जगते. हडसन्स बे कंपनीच्या कातडी-व्यापाराच्या जुन्या नोंदी तपासून चार्ल्स एल्टन व मेरी निकल्सन यांनी १९४२ साली दाखविले, की लिंक्सची संख्या सुमारे दर १० वर्षांनी वाढते आणि कोसळते. ससे वाढले की लिंक्स वाढतात. ससे घटले, की थोड्याच काळात त्यांची उपासमार होते. सशाचे सुखदुःख हे असे एकट्याचे नसते.

आता प्रश्न असा, की रंग केव्हा बदलावयाचा हे सशाला कळते कसे? बर्फ पाहून? नव्हे. दिवस लहान होऊ लागला की पांढरे केस येऊ लागतात, मोठा होऊ लागला की तपकिरी. म्हणजे त्याचे पंचांग सूर्याचे आहे. पूर्वी सूर्य आणि बर्फ यांचा बहुधा मेळ बसे. आता पृथ्वी तापत आहे. अनेक ठिकाणी बर्फ उशिरा पडतो व लवकर वितळतो. दिवसाची लांबी मात्र होती तशीच आहे. मग तपकिरी जमिनीवर पांढरा ससा बसतो, आणि आपण लपलो आहोत अशाच समजुतीत राहतो! याच सशाची वस्ती दक्षिणेस अमेरिकेतील माँटानाच्या डोंगरांतही आहे. तेथील ससे अशा विसंगत रंगामुळे अधिक संख्येने मरतात, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

तरी निराश होण्याचे कारण नाही. सगळे ससे एकाच दिवशी रंग बदलीत नाहीत. कोणी आधी, कोणी मागाहून. पॅसिफिक किनाऱ्याजवळ, जेथे बर्फ फार टिकत नाही, तेथे तर याच जातीचे काही ससे हिवाळ्यातही तपकिरी राहतात. या भेदांतूनच निसर्ग नव्या परिस्थितीला योग्य असे ससे निवडू शकेल. परंतु अशा निवडीला कित्येक पिढ्या लागतात. तेवढा अवधी सशांना मिळणार की नाही, हे आपण माणसे हवा किती वेगाने तापवितो यावर अवलंबून आहे.