बायकोच्या हातातला कागद

वीकेंडला काय बघू, असं विचारणाऱ्या मित्रांना मी हल्ली ‘गेट’ सुचवतो. दरवाजा नव्हे, ज्यू धर्मात नवऱ्याने बायकोच्या हातात द्यायचं घटस्फोटपत्र. इस्रायलमध्ये ज्यूंचे घटस्फोट आजही रब्बींच्या धर्मन्यायालयातच होतात. नवरा राजी नसेल, तर बायको अडकली.

रोनित एल्काबेट्झ आणि तिचा भाऊ श्लोमी यांचा हा २०१४ चा चित्रपट. विवियानची भूमिका रोनितचीच. नवरा मारत नाही, बाहेरख्याली नाही, लोकांच्या लेखी सज्जनच. मला याच्याबरोबर राहायचं नाही, एवढंच तिचं म्हणणं. त्यासाठी पाच वर्षं खेपा! कॅमेरा कोर्टाच्या आवाराबाहेर पडतच नाही, त्यामुळे बघताना आपणही गुदमरतो. एकदा ती केस मोकळे सोडते, तर न्यायाधीश खटला राहिला बाजूला, तिच्या केसांवरच घसरतात.

‘वन ऑफ अस’ (२०१७) हा न्यूयॉर्कच्या हसिदी समाजावरचा माहितीपट. सात मुलांची आई असलेली एट्टी छळ करणाऱ्या नवऱ्याला सोडते, आणि मुलांच्या ताब्यासाठी सगळा समाज तिच्याविरुद्ध उभा राहतो. इथे कोर्ट सरकारी आहे, तरी मुलं तिच्या हातून जातात. लहानपणी लैंगिक अत्याचार सोसलेला आरीही यात आहे. हा समाज होलोकॉस्टमधून वाचलेल्यांनी पुन्हा उभा केला. आपलं माणूस गमावण्याची भीती त्यांच्या हाडीमाशी आहे. हे समजतं. पण त्या भीतीची किंमत एट्टीने का मोजायची?

दुसरी बाजूही बघा. ‘फिल द व्हॉइड’ची (२०१२) दिग्दर्शिका रामा बुर्श्टाइन स्वतः कट्टर धार्मिक. तिच्या चित्रपटातलं घर तुरुंग वाटत नाही, मला तरी.

हे सगळं आपल्यापासून फार लांबचं नाही. कोकणातून इस्रायलला गेलेल्या, मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलींच्या लग्नांवरही तिथल्या रब्बींनी शंका घेतली होती. त्यांनी आंदोलन केलं, तेव्हा कुठे १९६४ मध्ये सरकारने त्यांना बरोबरीचे ज्यू म्हणून मान्यता दिली. त्यावर मात्र चित्रपट माझ्या पाहण्यात नाही.

‘गेट’ आईबाबांबरोबर बघायला हरकत नाही. ‘वन ऑफ अस’ मुलं झोपल्यावर लावा.