वाढत्या केसांची टोके सांभाळताना

गेल्या काही वर्षांत आपल्या घरांतील वीस-पंचवीस वर्षांचे तरुण केस वाढवू लागले आहेत. पेढीवर बसणाऱ्या मुलाचे केस मानेवर रुळावेत, हे आजोबांना रुचत नाही. गिऱ्हाईक काय म्हणेल, ही त्यांची पहिली शंका. प्रथम तीर्थंकर भगवान ऋषभदेवांची मूर्ती खांद्यांवर उतरलेल्या केसांच्या बटांवरूनच ओळखली जाते, हे नातवाचे ठरलेले उत्तर. त्यावर आजोबा मुनिमहाराजांच्या केशलोचाची आठवण करून देतात. हा वाद ज्या-त्या घरावर सोपवावा. येथे विचार करायचा आहे तो त्यापुढच्या गोष्टीचा. केस वाढवायचे ठरलेच असेल, तर ते खांद्यापर्यंत पोहोचेतोवर त्यांची टोके शाबूत कशी राहावीत? कारण अनेकांचा हा प्रयत्न घरच्या विरोधाने संपत नाही. दीड वर्षाने केस केरसुणीसारखे दिसू लागतात आणि मुलगा कंटाळून स्वतःच न्हाव्यासमोर जाऊन बसतो.

थोडा हिशेब मांडू. केस महिन्याला साधारणतः एक ते सव्वा सेंटीमीटर, म्हणजे वर्षाला 12 ते 15 सेंटीमीटर वाढतो. ही वाढ होते ती केवळ मुळाशी. त्वचेबाहेर आलेल्या केसात जिवंत पेशी नसते. याचा अर्थ असा की, खांद्याला टेकलेल्या 30 सेंटीमीटर लांबीच्या केसाचे टोक दोन ते अडीच वर्षांपूर्वी डोक्यातून बाहेर आलेले असते. तेवढ्या काळातील सर्व ऊन, सर्व न्हाणी आणि शेकडो वेळा फिरलेला कंगवा त्या टोकाने सोसलेला असतो. दुकानाच्या भाषेत बोलायचे, तर मुळाशी रोज नवा माल येतो आणि टोकाशी असतो तो गोदामातील सर्वांत जुना माल. तो बदलून मिळत नाही. आखूड केस ठेवणाऱ्या पुरुषाला हा प्रश्न कधी पडलेलाच नसतो, कारण दर महिन्या-दीड महिन्याला हा जुना भाग कापला जातो. म्हणूनच खरी अडचण शाम्पू किंवा तेलाच्या निवडीत नाही. घरातील मुली ज्या सवयी लहानपणी आईकडून शिकतात, त्या मुलांना कोणी शिकवलेल्या नसतात, आणि ते लांब केसांना आखूड केसांसारखेच वागवत राहतात.

केसाच्या बाहेरच्या बाजूस अत्यंत पातळ खवल्यांचे थर असतात. कौलारू छपरावर कौले जशी एकावर एक, उताराच्या दिशेने बसवलेली असतात, तसे हे खवले मुळाकडून टोकाकडे बसलेले असतात. आत केराटिन या प्रथिनाच्या तंतूंचा जुडगा असतो. खवले झिजले की तंतू उघडे पडतात, एकमेकांपासून सुटतात आणि केसाला फाटे फुटतात. वैद्यकात यास ‘ट्रायकोप्टिलोसिस’ असे भारदस्त नाव आहे. फाटा एकदा फुटला की तो वर चढू लागतो. कातडीवरील जखम भरून येते तसा तो भरून येत नाही. फाटे जोडण्याचे आश्वासन देणारी सीरमे त्यांना तात्पुरती चिकटवून ठेवतात. पुढच्या न्हाण्यानंतर मूळ स्थिती पुन्हा दिसते.

या कवचाची किंमत व्यापाराला चांगली ठाऊक आहे. तिरुमला येथे भाविकांनी अर्पण केलेल्या केसांची लांबीनुसार प्रतवारी होते व लिलावाने विक्री होते. लांब केसांना अर्थातच चढा भाव. गंगावणाच्या बाजारात ज्या मालाचे खवले शाबूत असून सर्व केसांची मुळे एका बाजूस आणि टोके दुसऱ्या बाजूस असतात, त्यास ‘रेमी’ म्हणतात. केस उलटसुलट मिसळले, तर खवले खवल्यांत अडकतात आणि गुंता होतो. डोक्यावरच्या केसांतही खवले उचकटले की हेच घडते.

ते सर्वाधिक उचकटतात न्हाल्यानंतरच्या पाच मिनिटांत. पाण्याने केसातील काही बंध सैल होतात. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. अशा वेळी आखूड केसांच्या सवयीने मुलगा जाड टॉवेलने डोके खसाखसा पुसतो, लगेच बारीक दातांचा कंगवा फिरवतो आणि दुकान उघडायची वेळ झाली म्हणून ओले केसच रबराने आवळून बाहेर पडतो. जुन्या, मऊ सुती पंचाने केस दाबून टिपावेत. गुंता आधी बोटांनी, मग रुंद दातांच्या कंगव्याने सोडवावा, आणि तो टोकांकडून सुरू करून हळूहळू वर जावे. मुळापासून खाली ओढल्यास सगळा गुंता टोकाशी जमून तेथेच केस तुटतात. ज्यांच्या परंपरेत पुरुषांनी केस न कापणे हाच नियम आहे, त्या शीख समाजात लाकडी कंगा हा पाच ककारांपैकी एक मानला जातो. लांब केसांसोबत कंगव्यालाही धर्माचरणात स्थान मिळावे, हे या दृष्टीने अर्थपूर्ण वाटते. ड्रायर वापरणे भाग असेल तर तो लांब धरावा आणि केस निम्मे वाळल्यावरच लावावा. फार ओल्या केसावर तीव्र उष्णता पडली की आतील पाण्याची वाफ होते, केसाच्या आत बुडबुडे तयार होतात आणि त्या ठिकाणी केस मोडतो.

अंगाला लावायचा साबण डोक्याला लावणे, ही आणखी एक खास पुरुषी सवय. साबण अल्कधर्मी असतो आणि बोअरवेलच्या जड पाण्यात त्याचा चिकट साका केसांवर बसतो. शाम्पू घ्यावा, तोही फक्त डोक्याच्या त्वचेवर. खाली ओघळणारा फेस टोकांना पुरेसा होतो. कंडिशनरचे याच्या उलट: तो टोकांना लावावा, मुळांना नको.

तेलाबाबत आजीचे म्हणणे बरेचसे खरे ठरले आहे. 2003 साली मुंबईतील मॅरिको कंपनीच्या संशोधन विभागातील आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना ‘जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. धुण्यापूर्वी लावो वा नंतर, केसांतील प्रथिनांची गळती लक्षणीयरीत्या कमी केली ती केवळ खोबरेलाने. त्यातील लॉरिक आम्लाचे रेणू लहान आणि सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरू शकतात, असे त्याचे कारण सांगितले जाते. कंपनी स्वतःच खोबरेल विकते, तेव्हा व्यापारी मनाला शंका यावी हे साहजिक आहे. तरी न्हाण्याच्या आदल्या रात्री टोकांना थोडे खोबरेल लावण्यात तोटा काहीच नाही. मात्र तेल झीज कमी करते, फुटलेला फाटा सांधत नाही.

आपल्या घरांत आणखी एक प्रश्न उभा राहतो. केसांसाठी सुचवले जाणारे अनेक उपाय आपल्या आचाराशी जुळत नाहीत. डोक्याला अंडे किंवा मध लावण्याचा विषयच नाही, आणि त्यात काही गमावलेही जात नाही. अंड्यातील प्रथिनांचे रेणू एवढे मोठे असतात की ते केसात शिरत नाहीत. खरी सावधगिरी हवी ती बाटलीवरची बारीक अक्षरे वाचताना. ‘हायड्रोलाइज्ड केराटिन’ हे बहुधा लोकर, पिसे किंवा शिंगांपासून काढलेले असते. ‘लॅनोलिन’ हा लोकरीतील मेणचट पदार्थ. ‘हायड्रोलाइज्ड सिल्क’ कोशापासून मिळते. गव्हाची प्रथिने किंवा ‘डायमेथिकोन’ यांबाबत ही अडचण नाही. वेष्टनावर हिरवा ठिपका असल्यास काम सोपे होते. उंची ब्रशचे केस पुष्कळदा रानडुकराचे असतात आणि शिंगाचे कंगवे आजही विकले जातात, हे दुकानदार आपणहून सांगेलच असे नाही. रेशमी उशीच्या अभ्र्याचा हेतू केस घासले जाऊ नयेत, एवढाच असतो. तो पॉलिस्टरच्या सॅटिननेही साधतो.

घासण्यावरून आठवले. केस मानेपासून खांद्यापर्यंत येण्याचा काळ सर्वांत नाजूक, कारण टोके दिवसभर सदऱ्याच्या कॉलरवर घासतात, आणि दुचाकीवर हेल्मेटखालून बाहेर आलेली टोके वाऱ्याने एकमेकांत गुंततात. मोंढ्यात किंवा गोदामात काम असेल तर हळद, धान्य, सिमेंट यांची धूळ त्यात भर घालते. प्रवासात व गोदामात केस सैलसे बांधून सुती रुमालाखाली ठेवावेत. बांधण्यासाठी नोटांच्या पुडक्याचे रबर घेऊ नये, कापडी बँड घ्यावा, आणि गाठीची जागा रोज थोडी बदलावी. फार घट्ट बांधण्याने टोकांपेक्षा मोठे नुकसान होते: सतत ताण पडलेल्या कपाळाच्या कडेचे केस मुळातूनच विरळ होतात.

गळलेला केस आणि तुटलेला केस यांत फरक करता यावा. एका टोकाला पांढरट गाठ असेल, तर तो मुळापासून आपसूक गळला. रोज पन्नास ते शंभर केस असे गळणे स्वाभाविक आहे. गाठ नसलेले आखूड तुकडे कंगव्यात दिसू लागले, तर ती तूट होय. मोठ्या तपश्चर्येनंतर दोन-तीन महिन्यांनी केस अधिक गळताना दिसू शकतात. ती गळती मुळाची असते आणि सहसा तात्पुरती. तिचा दोष टोकांना देऊ नये.

राहिला प्रश्न कात्रीचा. केस वाढवायचे म्हणून दोन वर्षे कात्री लावायचीच नाही, असे पुष्कळ जण ठरवतात. कापल्याने केस जलद वाढतात ही समजूत खोटी आहे, परंतु न कापल्याने लांबी राखली जाते हेही तितकेच खोटे. तीन महिन्यांत केस सुमारे साडेतीन सेंटीमीटर वाढतात. त्यांतून पाऊण सेंटीमीटर देऊन टाकल्यास पावणेतीन शिल्लक राहतात. हा खर्च नाकारला, तर फाटे वर चढून खालचे केस आपोआप तुटत राहतात, आणि वर्षभर वाढ होऊनही लांबी तेथल्या तेथेच दिसते. न्हाव्याला ‘थोडेसे’ असे सांगू नये. किती कापायचे ते बोटावर दाखवावे. धारदार कात्रीच वापरावयास सांगावी. वस्तरा आणि केस विरळ करणारी दातेरी कात्री टोकांना तिरकी कापते आणि नव्या फाट्यांची सोय करून ठेवते.

काही तरुण हे सारे कर्करोगाच्या रुग्णांसाठी केशदान करण्याच्या हेतूने करतात. असे केस स्वीकारणाऱ्या संस्था साधारणतः 10 ते 12 इंच लांबीची अपेक्षा ठेवतात, आणि ती मोजली जाते बांधलेल्या जागेपासून खाली. म्हणजे डोक्यावर शिल्लक राहणारे केस धरून तयारी अडीच-तीन वर्षांची झाली. फाटलेली टोके त्या लांबीत मोजता येत नाहीत. रंगवलेले किंवा ब्लीच केलेले केस पुष्कळ ठिकाणी नाकारले जातात, म्हणून नियम आधीच विचारून घ्यावेत. कापण्याच्या दिवशी केस धुऊन पूर्ण वाळू द्यावेत, वेणी घालून दोन्ही टोकांना बँड लावावा आणि वरच्या बँडच्या वर कात्री चालवावी. ओलसर वेणी पाकिटात बंद केल्यास तिला बुरशी धरते.