गुऱ्हाळास बाहेरचे जळण का लागावे?

कोल्हापूरच्या गुळाची कीर्ती जुनी आहे. 2014 साली त्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु गुळाची प्रत जशी उसावर व गुळव्याच्या हातावर अवलंबून असते, तशीच ती चुलवाणात काय जळते यावरही अवलंबून असते. चिपाडे पुरेनाशी झाली म्हणजे काही ठिकाणी जुने टायर, रबर व प्लास्टिक जाळले जाते. त्यांच्या धुरात गंधकाचे विषारी वायू व काजळी असते. ती शेजारच्या घरांत, पिकांवर आणि उघड्या काहिलीतही उतरते. मग ज्या मालावर गावाची पत उभी आहे, तोच माल दूषित होतो.

वास्तविक गुऱ्हाळाचे जळण उसातच असते. 100 किलो ऊस गाळला असता सुमारे 65 किलो रस व 35 किलो ओली चिपाडे मिळतात. या रसाचा गूळ होईपर्यंत सुमारे 53 किलो पाणी आटवावे लागते. एक किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारे 540 किलोकॅलरी उष्णता लागते. रस तापविण्याची उष्णता धरून हा खर्च सुमारे 34 हजार किलोकॅलरी होतो. उलट ओली चिपाडे उन्हात खडखडीत वाळविल्यास ती सुमारे 19 किलो भरतात व त्यांत सुमारे 70 हजार किलोकॅलरी उष्णता असते. म्हणजे निम्मी उष्णता जरी काहिलीस पोचली, तरी बाहेरचे जळण लागणार नाही.

ती पोचत नाही याची कारणे मुख्यत्वे तीन आहेत. पहिले, चिपाडे ओली जाळणे. ओल्या चिपाडांची बरीच उष्णता त्यांतीलच पाणी उडविण्यात खर्च होते व धूरही दाट येतो. दुसरे, चुलवाणास हवा नीट न मिळणे. जळणाखाली लोखंडी जाळी असावी, राख वेळोवेळी काढावी आणि जाळ घालणाऱ्याने जळण थोडे थोडे परंतु सतत घालावे. काळा धूर म्हणजे न जळलेले जळण होय. तिसरे, तापलेले वायू धुराड्यावाटे वाया जाणे. त्यांच्या वाटेवर दुसरी काहील बसवून तीत पुढील आधणाचा रस तापवून घ्यावा. काहिलीच्या कडेच्या फटी चिखलाने लिंपून बंद कराव्यात.

हंगामाच्या आरंभी वाळलेली चिपाडे नसतात, म्हणून मागील हंगामातील थोडा साठा छपराखाली राखून ठेवावा. शेतातील पाचट मात्र जळणासाठी आणू नये. ते सरीत पसरून कुजविल्यास जमिनीचा कस वाढतो.

रस निवळण्यासाठी रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस वापरण्याची रीत चांगली आहे. बाजारात पिवळा रंग अधिक भाव मिळवितो म्हणून काहीजण हायड्रॉस पावडर बेसुमार वापरतात. तो रंग टिकत नाही. साठवणीत गूळ काळवंडतो आणि त्यात गंधकाचा अंश राहतो. अन्न सुरक्षेच्या नियमांनुसार गुळातील सल्फर डायऑक्साइड दर किलोस 70 मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये.

काहिलीवरून काढलेली मळी व धुण्याचे पाणी ओढ्यात सोडू नये. त्यातील साखर कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो व मासे मरतात. मळी शेणखताच्या खड्ड्यात घालावी. चिपाडांची राख शेतास पालाश पुरविते, परंतु टायर जाळलेली राख शेतात टाकण्याच्या योग्यतेची नसते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी गुऱ्हाळमालकांची बैठक घ्यावी. एका गुऱ्हाळाचे चुलवाण सुधारून तेथे वाळलेल्या चिपाडांचा खर्च सर्वांसमक्ष मोजून दाखवावा. उरलेल्या चिपाडांचा ढीग पाहिल्यावर टायर विकत आणण्याचे कारण कोणासही उरणार नाही.